एफएम-टूवर ७५-१५० झूम लावली, वारीतला पहिला रोल निम्मा गेला. लेन्स खराब आहे की माझं चुकतंय?

रोल_छत्तीस

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितोय.

माझ्याकडे मामांनी दिलेला निकॉन एफएम-टू आहे, सगळं हाताने लावायचा जुना फिल्म कॅमेरा. दोन वर्षं झाली त्याला, आणि आत्तापर्यंत त्यावर फक्त ५० एमएम वापरलीय, तिच्यावर हात चांगला बसलाय, तीसेक रोल झाले असतील. या मे महिन्यात पुण्यात एकांकडून निकॉनची सिरीज ई ७५-१५० एफ/३.५ घेतली, जुनीच, पण काचा स्वच्छ दिसल्या आणि अ‍ॅपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची, पाती पण कोरडी होती. झूम म्हणून आयुष्यातली पहिलीच. ढकला-ओढायची रिंग आहे, तीच फिरवली की फोकस. रिंग सैल आहे, कॅमेरा खाली तोंड करून धरला की आपोआप सरकते, पण विकणाऱ्यांनी हे आधीच सांगितलं होतं त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही.

तर माउलींची पालखी पुण्यातून सासवडला निघते त्या दिवशी सकाळी हडपसरला आणि दुपारनंतर दिवे घाटात असा कोडॅक गोल्ड २०० चा (२०० म्हणजे फिल्म उजेडाला किती चटकन दाद देते तो आकडा) एक छत्तीसचा रोल मारला. दिवसभर ढग होते, मधेच भुरभुर. मी एफ/८ ठेवलं होतं (आकडा मोठा तेवढं छिद्र बारीक) कारण तिथे लेन्स सगळ्यात शार्प असते असं वाचलेलं, आणि कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा 'बरोबर' सांगणारा गोल दिवा पेटेल तसा शटर लावत गेलो. शेवटी शेवटी अंधारून आलं तेव्हा नाईलाजाने ३.५ वर आलो.

रोल धुवून स्कॅन होऊन आला आणि पोटात गोळाच आला. काही फोटो हललेत. काही एकदम मळकट, करडे, दाणेदार, माणसांचे चेहरे काळवंडलेले. आणि तीन-चार असे की ज्या माळकरी आजींवर फोकस केला होता त्या धूसर आणि त्यांच्या मागचा पताकावाला टकाटक. बारा-तेरा बरे आलेत, त्यातले दोन तर खूपच आवडलेत, घाटाच्या वळणावर दिंड्या एकावर एक रचल्यासारख्या दिसतायत, ५० ने मला असं कधीच मिळालं नव्हतं. म्हणूनच जीव अडकलाय. लेन्स परत द्यायची तर ते काका घेतील, पण दोष नक्की कशात आहे ते मला आधी समजून घ्यायचंय. कसं ओळखू?

घाटमाथा

ढगाळ दिवस, २०० चा रोल आणि एफ/८, म्हणजे शटर १/६० किंवा त्याच्याही खाली गेलं असणार. १५० एमएमला हातात धरून १/६० म्हणजे हलणारच. फोकल लेंग्थ (लेन्सचे ते एमएम) जेवढी तेवढा तरी शटर पाहिजे, म्हणजे १५० ला १/२५० धरायचा. लेन्स परत देऊ नकोस, एफ/८ परत दे 🙏

डार्करूम_नाशिक

रोल_छत्तीस, स्कॅन बाजूला ठेवा आणि आधी निगेटिव्ह बघा. स्कॅनर प्रत्येक फ्रेम आपल्या मनाने उजळ करतो, रंग ओढूनताणून बसवतो, त्यामुळे स्कॅन बघून लेन्सबद्दल काहीच ठरवता येत नाही. माझं तर मत आहे की नवी लेन्स आणली की पहिल्या रोलचं स्कॅन बघायच्या आधी पट्ट्या उजेडात धरून बघाव्यात, तेवढा धीर धरला पाहिजे.

मोबाईलची स्क्रीन पूर्ण पांढरी करा, ब्राइटनेस वाढवा, पट्टी तिच्यावर थेट न ठेवता दोन-तीन सेंटीमीटर वर धरा नाहीतर स्क्रीनचे ठिपके दिसतात. भिंग नसेल तर तुमची ५० एमएम कॅमेऱ्यातून काढून उलटी धरा, तिचा पुढचा भाग डोळ्याकडे. उत्तम भिंग आहे ते, मी अजून तेच वापरतो.

आता काय बघायचं. पट्टीच्या कडेला कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात बघा, ते कारखान्यातच छापलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. ते आकडे नीट गडद असतील तर रोल धुतला बरोबर गेलाय. आकडे गडद आणि फ्रेम मात्र पातळ, म्हणजे जिथे सावल्या होत्या तिथे नुसता फिल्मचा नारिंगी रंग आणि तपशील काहीच नाही, असं असेल तर उजेड कमी पडलाय. आकडेच फिकट असतील तर धुण्यात काहीतरी झालंय. हे एकदा कळलं की अर्धा गोंधळ मिटतो.

धूसरपणाचं पण तसंच. अख्ख्या फ्रेममधला प्रत्येक चमकता ठिपका एकाच दिशेला ओढला गेला असेल, म्हणजे टाळाच्या कडेवरची चमकसुद्धा आणि लांबच्या गाडीची काचसुद्धा, तर कॅमेरा हललाय. दगड, खांब, झाडं टणक आणि फक्त चालणारी माणसं पुसट, तर माणसं हललीत, तो दोष नाहीच खरं तर. कुठेतरी पुढे किंवा मागे एक थर टणक आणि तुम्हाला हवा तो नाही, तर फोकस चुकला. आणि सगळं टणक आहे पण वर दुधाची साय धरल्यासारखं, पांढऱ्या गोष्टींभोवती धुरकट वलय, तर मात्र लेन्सच्या आतल्या काचांवर धुरकटपणा किंवा बुरशी असणार. माझ्या मते फक्त हा शेवटचा प्रकार लेन्सच्या माथी मारता येतो.

चारही प्रकारच्या फ्रेमा मोजून इथे सांगा.

नवशिकी_कोल्हापूर

मधेच विचारते, माफ करा, पण विषय निघालाच आहे तर. माझ्याकडे निकॉनच्या डिजिटलवरची १८-५५ आहे. ती एफएम-टूवर बसते असं म्हणतात, माझ्या आत्याकडे एफएम-टू आहे. मग वेगळी झूम कशाला घ्यायची?

डार्करूम_नाशिक

नवशिकी ताई, बसते पण कामाची नाही. त्या लेन्सवर अ‍ॅपर्चरची रिंगच नाहीये, आणि एफएम-टूला अ‍ॅपर्चर रिंगनेच सांगावं लागतं. रिंग नसली की फोटो काढताना लेन्स सगळ्यात बारीक छिद्रावर जाते आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. शिवाय ती लहान सेन्सरसाठी बनवलेली, फिल्मच्या पूर्ण फ्रेमला पुरत नाही, १८ ला चारही कोपरे काळे येतील. आणि तुमची एएफ-पी प्रकारातली असेल तर फोकसच करता येणार नाही, कारण तिची रिंग कॅमेऱ्याकडून वीज आल्याशिवाय काही करत नाही. एआय, एआय-एस किंवा एएफ-डी, म्हणजे रिंगवाली कुठलीही घ्या, आनंदाने चालेल. फक्त १९७७ च्या आधीची, एआय न केलेली लेन्स एफएम-टूवर जबरदस्तीने फिरवू नका, कॅमेऱ्याच्या तोंडावरचा अ‍ॅपर्चर वाचणारा छोटा कान तुटू शकतो.

शटरकाका

रोल_छत्तीस, तुझं वाचून मला माझीच पहिली वारी आठवली. मी १९८४ पासून लग्नं मारली आणि वेळ मिळेल तशी वारी. तेव्हा आमच्याकडे कॅमेरा म्हणजे कुणाचा तरी भाऊ आखातातून आणायचा, आणि झूम असलेला माणूस तर तालुक्यात एखादाच. काळापांढरा उटीचा इंदू रोल घालायचो. तर आता मुद्द्याचं.

तुझे मळकट फोटो, ते मला लेन्सचे वाटत नाहीत, ते पांढऱ्या टोप्यांचे वाटतात. वारीत काय असतं, पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर, आणि वर पांढरं आभाळ. मीटरला रंग-बिंग कळत नाही, समोर जे आहे ते करडंच असलं पाहिजे असं तो धरून चालतो, त्यामुळे पांढऱ्यालाही करडं करून ठेवतो. चेहरे आधीच सावळे, ते अजून खाली जातात. ५० ने तू काढायचास तेव्हा फ्रेममध्ये रस्ता, झाडं, माती असं सगळं यायचं, सरासरी जमून जायची. झूमने तू नेमका पांढरा पुंजका उचलला आणि फ्रेम भरून टाकली, सरासरी बिघडली. हा झूमचा गुण समजून घे, ती जेवढं जवळचं उचलते तेवढा मीटर फसायला सोपा होतो.

यावरचा उपायही झूममध्येच आहे, आणि तुझी लेन्स त्यासाठी फार चांगली आहे कारण तिचं एफ/३.५ दोन्ही टोकांना ३.५ च राहतं. ७५ वर फ्रेम ठरव, मग रिंग ओढून १५० वर जा आणि रस्त्याचा डांबरी-ओला भाग, हिरवा डोंगर किंवा तुझ्या फोटोतल्या माणसाइतकाच उजेड असलेला कुणाचा तरी चेहरा मधल्या गोलात भर. त्यावर शटर लाव. मग परत ७५ वर ये आणि आता गोल पेटो की अधिक-उण्याचा दिवा पेटो, लक्ष देऊ नको, फोटो काढ. एफएम-टूचा मीटर मधल्या १२ मिलिमीटरच्या गोलाला ६० टक्के महत्त्व देतो, म्हणजे १५० ला नेलास की जवळजवळ स्पॉट मीटरच झाला, एका ठिपक्यापुरता उजेड मोजणारा. ज्या झूमचं अ‍ॅपर्चर ओढल्यावर बदलतं तिच्यावर हे एवढं सरळ जमत नाही, बोटभर फरक पडतो.

आणि काहीच सुचेनासं झालं तर आपला तळहात. उजेडात धर, त्यावर मीटर कर, गोरा हात असेल तर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जास्त दे, माझ्यासारखा असेल तर अर्धा पुरे. रंगीत निगेटिव्हला जास्त उजेडाने काही होत नाही, एक स्टॉप काय दोन सुद्धा पचवते. कमी मात्र अजिबात पचवत नाही. गोल्ड २०० घातलास तरी कॅमेऱ्याच्या चकतीवर तू डोळे झाकून १०० लाव, पावसाळ्यात तर नक्की.

आता आजी धूसर आणि मागचा पताकावाला टकाटक, याचं सांगतो. १५० ला ३.५ वर पाच मीटरवरच्या माणसाला जेमतेम वीस-पंचवीस सेंटीमीटर खोली मिळते. नाकावर फोकस केलास आणि आजी एक पाऊल पुढे आल्या की संपलं. त्या तुझ्याकडे चालत येतायत, थांबलेल्या नाहीयेत. आम्ही काय करायचो, माणसाच्या मागे फोकस पळवायचोच नाही. रस्त्यावरची एक खूण धरायची, दगड, पांढऱ्या पट्टीचं टोक, काहीही, त्यावर फोकस लावून ठेवायचा आणि माणूस त्या खुणेवर आला की दाबायचं. दाबायला अर्धा क्षण लागतो म्हणून पाऊल पडायच्या किंचित आधीच बोट चालवायचं. दिवसभरात चार-पाच दिंड्या गेल्या की अंदाज आपोआप येतो.

शिवाय तुझ्या रिंगने दोन्ही कामं होतात ना, ओढलं की झूम, फिरवलं की फोकस. सैल रिंग असेल तर ७५ वर परत येताना हात नकळत फिरतो आणि फोकस सुटतो. म्हणून १५० वर फोकस करून मागे येताना रिंग बोटांच्या टोकांनी धरू नको, तळहातावर लेन्स पेलून अंगठा आणि पहिल्या बोटाने सरळ ढकल. डाव्या हाताचं कोपर छातीला चिकटलेलं पाहिजे. एफएम-टू ५४० ग्रॅम आणि लेन्स त्याच्याच आसपास, किलोभर वजन होतं, आणि हे वजन शत्रू नाही, त्यानेच हात स्थिर राहतो. पायरीवर बसून गुडघ्यावर कोपर टेकवलंस तर १/१२५ सुद्धा १५० ला निघतो. मी बैलगाडीच्या चाकाला टेकून काढलेत.

घाटमाथा

काकांनी सगळं सांगितलंच. एक भर: त्या लेन्सच्या नळीवर, रिंग जिथे सरकते तिथे, कापडी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला की रिंग आपोआप घसरायची थांबते, आणि ती निघतेही. काचेपर्यंत डिंक जाणार नाही एवढं बघ. ही लेन्स १९८० सालातली आहे, चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी आतलं घट्टपण जाणारच.

आणि दिंड्या एकावर एक रचल्यासारख्या दिसतात म्हणालास, ते लेन्समुळे नव्हे, तू लांब उभा होतास म्हणून. त्याच दगडावरून ५० ने काढून मधला तुकडा कापून मोठा केलास तरी दिंड्या तशाच दाट दिसतील, दाणे तेवढे मोठे होतील. हे कळलं की जागा शोधायची नजर बदलते, आधी पायांनी अंतर ठरवायचं आणि मग झूमने चौकट.

कोकणी_धुकं

रत्नागिरीहून. इकडे जून ते सप्टेंबर लेन्स म्हणजे तान्हं मूल, त्यामुळे मी त्याच बाजूने बोलणार. विकत घेताना काचा स्वच्छ "दिसल्या" म्हणालास. कशा बघितल्यास? नुसत्या खिडकीकडे धरून बघितल्या तर बुरशी दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत अ‍ॅपर्चर पूर्ण उघड, मागच्या बाजूने टॉर्च तिरपा मार आणि पुढून बघ. धुळीचे चार कण दिसतील, त्यांची काळजी नको, फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे दिसले तर बुरशी. आणि काचेवर सगळीकडे सारखा पातळ धूर बसल्यासारखा दिसला तर तेलाची वाफ बसलीय, ती साफ होते पण करणारा माणूस जाणकार पाहिजे.

झूममध्ये काचा जास्त, मधल्या फटी जास्त, आणि ढकला-ओढायची रिंग म्हणजे हवेचा पंप. पावसात वापरलीस तर ओली हवा आत गेलीच. घरी आल्यावर लगेच बॅगेत कोंबू नको. पंख्याखाली दोन तास उघडी ठेव, मग स्टीलच्या घट्ट डब्यात सिलिका जेलबरोबर. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परत निळे होईपर्यंत गरम करायचे. कातडी केसमध्ये कधीच ठेवू नये, चामडं ओल धरून ठेवतं, माझ्या वडिलांच्या दोन लेन्स अशाच गेल्या आणि त्याचं अजून वाईट वाटतं मला.

रोल_छत्तीस

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर लाईट बंद करून बसलो, आईने पण बघितलं ५० एमएम उलटी धरून, तिला आजींचा फोटो निगेटिव्हमध्येच ओळखता आला.

हिशोब असा. कडेचे आकडे छत्तीसही फ्रेमांना गडद, म्हणजे धुतलाय व्यवस्थित, मी उगीच लॅबवाल्यांवर संशय घेत होतो. अकरा फ्रेमा पातळ, त्यातल्या नऊ अशा की ज्यात फ्रेमभर पांढरे कपडे किंवा अर्ध्याहून जास्त आभाळ. काकांचं बोट बरोबर तिथेच पडलं. आठ फ्रेमा हललेल्या, सगळ्यांत ठिपके एकाच दिशेला, बहुतेक खालून वर तिरपे, म्हणजे मी बटण दाबताना उजवा हात खाली ओढतोय हे पण कळलं, ५० वर हे कधी लक्षात आलं नव्हतं. चार फोकस चुकलेल्या आणि चारही शेवटच्या, ३.५ वरच्या. दुधाळ एकही नाही. टॉर्चने पण बघितलं, धुळीचे कण आहेत, जाळं नाही, धूर नाही.

म्हणजे लेन्स निर्दोष आहे. ती ठेवतोय.

एक गोष्ट मात्र समजली नाही. दोन-तीन फ्रेमांमध्ये कडेला अशा गोष्टी आल्यात ज्या मी काढताना नव्हत्याच, एका फोटोत कुणाची छत्री, एकात खांब. झूम केल्यावर चौकट बदलते का?

डार्करूम_नाशिक

नाही, ते कॅमेऱ्याचं आहे. एफएम-टूच्या बघायच्या खिडकीत निगेटिव्हच्या साधारण ९३ टक्केच दिसतं, कडेचं थोडं दिसतच नाही. ५० ने पण येत होतं, पण तेव्हा कडेला बहुतेक मोकळी जागा असायची म्हणून खटकलं नाही. झूमने चौकट घट्ट बांधली की कडेची प्रत्येक गोष्ट बोलते. पातळ फ्रेमांपैकी ज्यात चेहरा थोडा तरी आहे त्या पुन्हा स्कॅन करून घ्या, सावल्या उजळू नका म्हणून सांगा, काळं काळंच राहू द्या, मळकटपणा बराच कमी होईल.

आणि आता दुसरा रोल वारीसारख्या धावपळीत घालू नका. घराजवळ, सावकाश. तिपाईवर कॅमेरा, समोर दगडी भिंत किंवा विटांची, दोन्ही टोकांना आणि मधे कुठेतरी, प्रत्येक ठिकाणी ३.५, ५.६ आणि ८. नऊ फ्रेमा झाल्या. वहीत लिहायचं. तिपाईवर असताना सेल्फ-टायमर लावून काढा, एफएम-टूमध्ये टायमर सुरू होतानाच आरसा वर जातो, त्यामुळे त्याचा धक्का फोटोपर्यंत पोचत नाही. उरलेल्या सत्तावीस मनासारख्या. रोलची किंमत बघता नऊ फ्रेमा भिंतीवर घालवणं जिवावर येतं, मला कळतं, पण त्या नऊ पुढची वीस वर्षं उपयोगी पडतात.

शटरकाका

अगदी. आणि त्या सत्तावीसमध्ये एक काम कर, पूर्ण रोल १५० वरच ठेव. झूम आहे म्हणून सारखं पुढे-मागे करायचा मोह होतो. एक टोक नीट शिक.

रोल_छत्तीस

दीड महिन्याने परत येतोय, दुसरा रोल काल हातात आला.

मी वाईचा आहे, तर भिंत म्हणून गणपती घाटाची दगडी भिंत वापरली, सकाळी सहा वाजता, कुणी नव्हतं. नऊच्या नऊ फ्रेमा वहीसकट. ३.५ वर कोपरे किंचित मऊ आणि थोडे अंधारलेले, मधे चांगलंच टणक. ५.६ ला जवळपास सगळं सारखं. ५.६ आणि ८ मध्ये मला भिंगातून सुद्धा फरक सांगता येत नाही. ज्या एफ/८ साठी मी वारीतले आठ फोटो हलवले ते ५.६ वर दुप्पट शटरने मिळाले असते, ३.५ वर चौपटीहून जास्तीने. हे वाचून कळलं नसतं, नऊ फ्रेमा एकाखाली एक बघितल्या तेव्हाच कळलं.

उरलेला रोल १५० वर, काकांनी सांगितलं तसा, पट्टी लावून रिंग तिथेच अडवली. मेणवलीच्या घाटावर गेलो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर ती पोर्तुगीज घंटा आहे ना, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतली, छोट्याशा देवळात टांगलेली, आतून अंधार आणि बाहेर उन्हात तापलेला दगड. ५० ने मी तिचे चार-पाच वेळा फोटो काढलेत, दर वेळी देऊळ येतं आणि घंटा नुसता काळा ठिपका. यावेळी पलीकडच्या पायऱ्यांवर बसलो, कोपर गुडघ्यावर, आधी जवळ जाऊन सावलीतल्या दगडावर मीटर केलं, १/१२५ ला एफ/४ च्या जरा अलीकडे, मग मागे येऊन तेच ठेवून काढलं. बाहेरचा दगड पांढरा झाला थोडा, पण घंटेची कड, तिच्यावरचा गंज, आत कुणीतरी बांधलेला लाल दोरा, सगळं आलंय. मी ती प्रिंट पोस्टकार्ड साईझमध्ये काढून घेतली, स्कॅनवर भागवलं नाही.

खूण धरून फोकस करायचं पण केलं. नदीवर धुणं घेऊन येणाऱ्या एक मावशी रोज त्याच पायरीवरून उतरतात, त्यांना विचारलं, त्या म्हणाल्या काढ की. पायरीच्या फुटक्या कोपऱ्यावर फोकस लावून बसलो. सहा काढले, चार बरोबर. बटण दाबताना श्वास सोडून दाबतोय आता, आणि उजवा हात ओढत नाही. सत्तावीसमध्ये दोन हललेत, दोन्ही उभ्याने काढलेले.

आता पुढचं. येत्या सोमवती अमावास्येला जेजुरीला जायचं ठरलंय, पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते ते सगळं बघायचंय. झूम नेऊ ना?

घाटमाथा

ने पण गडावर भंडाऱ्यात काढू नको. कोकणी_धुकं यांनी सांगितलं ना, रिंग म्हणजे पंप. हवेतला भंडारा थेट आत जाईल, हळद इतकी बारीक असते की मग लेन्स उघडल्याशिवाय निघत नाही.

शटरकाका

भंडाऱ्यात ५०. तीसुद्धा पारदर्शक पिशवीत, लेन्सच्या तोंडाला रबर, आणि पुढे साधा फिल्टर म्हणजे काच पुसायची वेळ आली तर फिल्टर पुसला जाईल. पुसण्याआधी फुंकणी मार, कापड लगेच लावू नको, कण घासले जातात. रोल बदलायचा असेल तर गडाखाली ये, कुणाच्या तरी घरात जा. मागचं दार उघडल्यावर एक कण जरी फिल्मच्या वाटेवर बसला तरी अख्ख्या रोलवर रेघ उठते, माझ्याकडे १९९१ सालच्या अशा रेघांचा एक पूर्ण रोल अजून आहे.

झूम नदीसाठी ठेव. पालखी कऱ्हेकडे उतरते तेव्हा लांब उंच जागा बघ, १५० ला माणसं आणि पालखी एकमेकांत मिसळून येतात. तिथे भंडारा अंगावर येत नाही. पिवळ्यावर मीटर केलास तर एक स्टॉप जास्त दे, हळद मीटरला पांढऱ्यासारखीच फसवते. आणि २०० ऐवजी ४०० चा रोल घाल, कोडॅकचा अल्ट्रामॅक्स मिळाला तर तो, सकाळी लवकरचा उजेड कमी असतो.

नवशिकी_कोल्हापूर

मीही येणार आहे त्या दिवशी, आत्याचा एफएम-टू आणि कालच मिळालेली एएफ-डी ३५-७० घेऊन. तिच्यावर रिंग आहे, दोनदा बघून घेतलं.

रोल_छत्तीस

या ताई. मी सकाळी नदीच्या बाजूला असेन, तिपाई आणि वही घेऊन. चिकटपट्टीचं बंडल पण आणतोय, तुमची रिंग सैल असेल तर लावून देतो.